गौरवी तोंड उघडेना

देवकी मूळची चंदगडकडची. घाट उतरून गोव्यात आली ती भावाच्या पाठोपाठ. नितीन, म्हणजे तिचा थोरला भाऊ, डिचोलीत गवंडीकाम करायचा. त्यानं तिला तिथल्या औद्योगिक वसाहतीत औषधाच्या गोळ्या पाकिटांत भरायच्या कामाला लावून दिलं. तिची तिशी उलटली, लग्न जमलं नाही, आणि जमावं म्हणून फारसं कुणी धडपडतही नव्हतं. अशात मये गावातल्या शांतारामचं स्थळ आलं. तो पाळीच्या खाणीवर वर्कशॉपात फिटर होता. बायको शालिनी वारून दोन पावसाळे गेले होते. घरात एकच मुलगी होती, गौरवी. गोवा राज्य झालं त्या वर्षीचा तिचा जन्म.

देवळात चार माणसांत हार घातले आणि देवकी मयेत नांदायला आली. येताना ती पोटात भीती घेऊनच आली. सावत्र आईच्या हातून पोरीला साधं खरचटलं तरी गाव काय म्हणतं, हे तिनं लहानपणापासून ऐकलेलं होतं. त्यात ती घाटावरची. वाड्यावरच्या बायका तोंडावर गोड बोलायच्या, पण पाठ फिरली की 'ती घाटीण' असं हळूच म्हणायच्या, आणि ते देवकीला बरोबर ऐकू यायचं.

गौरवी काही आडमुठी पोर नव्हती. ती देवकीला 'मावशी' म्हणायची, ताटात वाढलेलं खायची, शाळेत जायची. फक्त मागत काही नसे. डोकं दुखलं तरी सांगायची नाही, फ्रॉक उसवला तर आपणच सुईदोरा घेऊन बसायची. पोर आईच्या वळणावर गेलीय, असं शेजारची विनोदिनी म्हणायची. शालिनी कशी गेली तेही तिच्याचकडून देवकीला कळलं. पोटात दुखत होतं, पण कुणी विचारलं की "कांय ना गो, कांय ना" म्हणायची आणि कामाला लागायची. शेवटी आतडं फुटलं तेव्हा उशीर झाला होता.

शालिनीच्या पाठचा भाऊ महेश. डिचोलीच्या स्टँडवर मोटारसायकल पायलट होता, म्हणजे पिवळ्या मडगार्डच्या गाडीवरून भाड्यानं माणसं पोचवायचा. बहीण गेल्यापासून त्यानं शांतारामच्या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. भाचीला भेटायचा तो शाळेच्या वाटेवर. देवकी समोर आली तर मान हलवायचा, बोलायचा नाही. देवकीला अख्ख्या मयेत धाक वाटायचा तो या एका माणसाचा.

दातांचं आधी लक्षात आलं ते देवकीच्या. गौरवीचा वरचा एक सुळा हिरडीत उंच उगवून बाहेर आला होता आणि पुढचे दात एकमेकांवर चढले होते. पोर हसली की लगेच तोंडावर हात जायचा. शाळेच्या संमेलनात नाचणाऱ्या मुलींमधून तिनं आपलं नाव काढून घेतलं तेव्हा देवकीनं विचारलं, "का गं?"

"उगीच."

देवकी शांतारामच्या मागे लागली. "अहो, तार लावून दात सरळ होतात म्हणे. कारखान्यात कामाला होते तेव्हा तिथल्या एका मुलीला बघितलं होतं मी."

"तिका दुखतलें," शांताराम म्हणाला.

"दुखेल थोडं. पण जन्मभर तोंड झाकून हसायचं का तिनं?"

आल्यापासून पहिल्यांदाच तिनं घरात एखाद्या गोष्टीचा हट्ट धरला होता. शांतारामनं ऐकलं. म्हापशाला दातांच्या एका डॉक्टरीणबाई होत्या, योगिता नावाच्या. तिथे हेलपाटे झाले, दातांचे साचे घेतले, आणि परीक्षा संपल्यावर, वैशाखाच्या तोंडावर, गौरवीच्या दातांना तार लागली.

त्या दिवशी बापलेकच गेली होती. परत आल्या आल्या शांतारामची निघायची घाई सुरू झाली. शिरगावच्या लईराईची जत्रा तोंडावर आली होती आणि शांताराम देवीचा धोंड, म्हणजे व्रत धरून होमकुंडाच्या निखाऱ्यांवरून चालणाऱ्यांतला. जत्रेआधी हे लोक घर सोडून तळीकाठी माटव, म्हणजे मांडव, घालून राहतात, सोवळ्यात असतात, आपल्या हातानं रांधून खातात. तो निघता निघता देवकीला एवढंच म्हणाला, "दोन दीस दुखतलें. मऊ दी खावंक. डॉक्टरान सगळें तिका सांगलां." आणि वेताची काठी घेऊन गेला.

गौरवी पडवीत बसली होती. ओठ फुगलेले, डोळे लाल. तारेवरची चौकोनी बटणं ओठांना आतून ढकलत होती, त्यामुळे तिचा चेहरा ओळखीचा वाटेना.

"डॉक्टरांनी काय सांगितलं गं?" देवकीनं विचारलं.

"कांय ना."

शालिनीही हेच दोन शब्द म्हणायची.

तिनं जमेल ते केलं. उकड्या तांदळाची पेज मऊ शिजवून निववली. नाचण्याचं तिजाण, म्हणजे पातळ खीर, केलं गूळ घालून, पोरीला आवडायचं म्हणून. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलचा भोंगा वाजवत आला तेव्हा त्याच्याकडून पाव घेतले, दुधात बुडवून मऊ केले. गौरवी दोन घास घ्यायची आणि वाटी बाजूला सरकवायची. उन्हाचं थंड वाटेल म्हणून देवकीनं सोलकढी दिली. पहिल्या घोटाला पोर अशी काही कळवळली की कपबशी हातातून सुटली. आंबट जखमेला झोंबलं असणार, हे देवकीला उशिरा सुचलं. ती फुटके तुकडे गोळा करत राहिली आणि मनात म्हणत राहिली, हे मीच केलं. हिला तार लावा म्हणून मीच मागे लागले.

दोन दिवसांत कमी होईल म्हटलेलं दुखणं वाढत गेलं. गौरवी गप्प गप्प होत गेली. विचारलं की मान हलवायची.

जत्रेच्या आदल्या दिवशी सकाळी देवकी तिला उठवायला गेली. उशीवर लाळेत मिसळलेल्या रक्ताचा डाग होता. उजवा गाल सुजून ताणला होता.

"गौरवी, बाळा, आ कर बघू."

गौरवीनं मान हलवली.

"थोडंसं. मी हात नाही लावत. नुसतं बघते."

पोरीनं जबडा आणखीच आवळला. कानाखालची शीर ताठ उभी राहिली. घशातून काहीतरी आवाज आला, पण दात काही विलग झाले नाहीत.

देवकी कानाखालच्या त्या शिरेकडे बघत राहिली.

तिला दिसत होता तो हरी. हरी तिचा पाठचा भाऊ, नऊ वर्षांचा. गोठ्यातला गंजका खिळा पायात गेला होता आणि कुणी फारसं मनावर घेतलं नव्हतं. मग एका सकाळी तो म्हणाला, दाढ दुखते. भाकरी चावेना, म्हणून आईनं दूधभात कालवला, तर तोंडच उघडेना. सगळे म्हणाले दाढ सुजली असेल, लवंग लावा. देवकी चमच्यानं त्याच्या दातांच्या फटीतून दूध सोडत होती आणि ते गालावरून ओघळत होतं. संध्याकाळी पाठीची कमान व्हायला लागली. बेळगावला नेलं. धनुर्वात, डॉक्टर म्हणाले. त्या शब्दानंतर हरी घरी आला तो पांढऱ्या कापडात.

लोखंड. जखम. आधी तोंड उघडत नाही.

"गौरवी, मान दुखते का? मान वळवून दाखव. पाठ? पाठ ताठ वाटते का?"

गौरवी मोठ्या डोळ्यांनी तिच्याकडे बघत राहिली आणि भिंतीकडे सरकली.

देवकी धावत कुंपणापाशी गेली. विनोदिनी अंगणात सुकवलेली कोकमं पालटत होती. ती हात पुशीत आली, पोरीचा गाल लांबूनच पाहिला.

"तारेन लागलां जातलें गो. कोमट उदकांत मीठ घालून गुळण्यो कर म्हण तिका."

"तोंडच उघडत नाही, तर गुळण्या कशा करणार?" देवकीचा आवाज चिरकला. "विनोदिनीबाय, हिला धनुर्वाताचं इंजेक्शन कधी दिलं होतं का हो? लहानपणी? नंतर?"

"तें म्हाका कशें खबर? शालिनीक खबर आसतलें."

मग विनोदिनीचाही चेहरा पडला. "लोखंडच न्हय गो तें?" ती पुटपुटली. "शांतारामाक सांगून धाडूं?"

देवकीनं तळीच्या दिशेला पाहिलं. उद्या तो निखाऱ्यांवरून चालणार. व्रत अर्ध्यात मोडलं तर काय होतं याच्या गोष्टी तिनं या गावात आल्यापासून ऐकल्या होत्या. नवऱ्याला बोलवावं तर त्याच्या पायांची भीती, न बोलवावं तर पोरीच्या जिवाची. आणि तो येऊन तरी काय करणार होता? डॉक्टर म्हापशाला होती.

"नको," ती म्हणाली. "मीच नेते."

तिनं पोरीला कपडे चढवले. गौरवीनं विरोध केला नाही, हेही देवकीला भयंकर वाटलं. डिचोलीची बस लगेच मिळाली. पोर खिडकीला डोकं टेकून बसली आणि देवकी तिची मान बघत बसली. बस खड्ड्यात आदळली की पोरीचं अंग आखडायचं, आणि प्रत्येक वेळी देवकीला वाटायचं, हाच तो झटका. हरीला तसंच व्हायचं. नुसता दरवाजा आपटला तरी अंग ताठायचं. ती मनातल्या मनात लईराईला सांगत होती, तुझा माणूस तुझ्या दारात आहे, त्याच्या लेकीला काही करू नकोस. मग वाटलं, आपण देवीला दरडावतोय की काय, आणि त्याचीही भीती वाटली.

डिचोलीच्या स्टँडवर माणसांचा समुद्र. जत्रेला जाणाऱ्यांनी बसगाड्या आताच भरून गेल्या होत्या. म्हापशाची गाडी कुठली म्हणून विचारलं तर एक कंडक्टर म्हणाला, "बाये, आज सगळ्यो शिरगांवच्या वाटेर. म्हापशाची येतली, पूण केन्ना ती सांगूंक येना." एक गाडी आली ती दारात लोंबकळणाऱ्या माणसांसकट पुढे निघून गेली. देवकीनं गौरवीला दुकानाच्या सावलीत पायरीवर बसवलं. पोरीच्या तोंडातून लाळ गळत होती, ती रुमालानं पुसत होती. गिळतही नाही, देवकीच्या मनानं नोंद केली. हरीही गिळत नव्हता.

रस्त्यापलीकडे पिंपळाखाली पायलटांच्या मोटारसायकली लागल्या होत्या. त्यातल्या एका गाडीवर महेश बसला होता.

देवकीनं त्याला पाहिलं आणि ती पायरीशीच थांबली. या माणसासमोर सुजलेल्या गालाची, रक्ताळलेल्या तोंडाची पोर घेऊन उभं राहायचं. त्याच्या बहिणीची पोर. तो काय म्हणेल, आणि गावाला काय सांगेल, हे तिला पाठ होतं. क्षणभर तिनं पदर पुढे ओढला, त्यानं पाहू नये म्हणून.

मग गौरवीनं रुमाल तोंडाला लावला आणि तो लाल झाला.

देवकीनं रस्ता ओलांडला. "महेशभाऊ," ती म्हणाली. दोन वर्षांत पहिल्यांदाच ती त्याला हाक मारत होती. "गौरवीला म्हापशाला न्यायचंय. दातांच्या डॉक्टरकडे. आत्ताच्या आत्ता."

महेशनं तिच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं. भाचीचा चेहरा दिसला तसा तो गाडीवरून उतरला आणि धावत पलीकडे गेला. तिच्यापुढे उकिडवा बसला. "कितें जालें गो? मामाक सांग."

गौरवीनं मान हलवली. कांय ना.

महेशचा चेहरा तेव्हा जसा झाला तसा देवकीनं नंतर कधी पाहिला नाही. तो चिडेल असं तिला वाटलं होतं. तो पांढराफटक पडला. "केन्नासावन?" त्यानं विचारलं.

"तार लावल्यापासून दुखतंय. पण आज सकाळपासून तोंडच उघडत नाही." धनुर्वात हा शब्द तिच्या ओठांवर आला आणि तिनं तो गिळला. तो उच्चारला की खरा होईल असं तिला वाटत होतं.

"बस," महेश म्हणाला.

एका मोटारसायकलीवर तिघं. मध्ये गौरवी, मागे देवकी. मुळगाव ओलांडून अस्नोड्याकडे जाताना खनिजाचे ट्रक एकामागे एक समोरून येत होते, लाल धूळ उडवत. देवकी याआधी मोटारसायकलीवर कधी बसली नव्हती. ट्रकची चाकं गुडघ्याला घासून जातायत असं वाटायचं आणि ती डोळे मिटून घ्यायची. मग लगेच उघडायची, कारण पोरीचं अंग ताठतंय का ते बघायचं होतं. तिनं गौरवीच्या पोटाभोवती हात आवळले होते. त्या लहानशा पोटात श्वास वरखाली होत होता. तेवढाच आधार.

शिरगावच्या फाट्यावर गाड्या अडल्या होत्या. पोलीस हात करत होता. एका गाडीवर तिघं बघून तो पुढे आला. महेशनं गाडी थांबवली आणि नुसतं एवढंच म्हणाला, "चली दुयेंत आसा." मुलगी आजारी आहे. त्याचा आवाज असा फाटलेला होता की पोलिसानं पोरीच्या तोंडाकडे पाहिलं आणि रस्त्यावर आडवी बांधलेली दोरी वर केली.

पुढे कुठेतरी महेश मान न वळवता बोलला, स्वतःशीच बोलावं तसा. "शालू पण अशीच मान हालयताली."

वाऱ्यात ते शब्द देवकीला अर्धेच ऐकू आले, पण कळले पूर्ण. ती ज्याला इतके दिवस घाबरत होती, तो माणूस तिच्याइतकाच घाबरलेला होता. त्यानं तिची भीती कमी झाली नाही. उलट वाढलीच. आता धीर द्यायला कुणीच उरलं नव्हतं.

योगिता डॉक्टरीण तरुण होत्या. बाहेर बाकावर बसलेल्या माणसांना ओलांडून देवकी थेट आत शिरली. "बाई, हिचं तोंड उघडत नाही," ती म्हणाली. आणि मग आतापर्यंत अडवून धरलेलं सगळं बाहेर आलं. हरी, खिळा, दूधभात, बेळगाव. "हिला धनुर्वात झालाय का ते आधी सांगा."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी पोरीला खुर्चीत बसवलं, मान दोन्ही बाजूंना हळूच वळवून पाहिली, पोट दाबून पाहिलं, कानाखाली बोटं ठेवली. ताप बघितला. "धनुर्वाताचं इंजेक्शन दिलंय का हिला कधी?"

"मला ठाऊक नाही," देवकी म्हणाली.

"दिलां," दारातून महेश म्हणाला. हेल्मेट तसंच हातात होतं. "तीन वर्सां जालीं. तळ्याकडेन खेळताना पायांत काच गेली तेन्ना हांवेंच व्हेल्ली." त्यानंच नेलं होतं तिला. ते शालिनी गेल्यानंतरचं आणि देवकी घरात येण्याआधीचं वर्ष. घरात कुणालाच त्याचा पत्ता नव्हता.

"मग ती भीती मनातून काढून टाका," डॉक्टरीणबाई देवकीला म्हणाल्या. "आणि ही तार काही गंजकी नसते. मान सैल आहे, पोट मऊ आहे. हा धनुर्वात नाही. पण तोंड का उघडत नाही ते मला बघावं लागेल."

ऐकलं ते देवकीच्या कानांत शिरलं, अंगात नाही. तिचे हात थरथरतच होते. ती पुढे होऊन म्हणाली, "आ कर बाळा, आ कर." गौरवीनं पुन्हा जबडा आवळला.

"तुम्ही जरा मागे उभ्या राहा," डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या. त्यांनी आरसा बाजूला ठेवला. रिकामे दोन्ही हात पोरीला दाखवले. "गौरवी, हातात काही नाही. तू उघडू नकोस. ओठ तेवढा बाजूला करू?"

बऱ्याच वेळानं गौरवीनं पापण्या मिटून हो म्हटलं.

ओठ बाजूला केला तसं दिसलं. मागच्या दाढेशी तारेचं टोक निसटून बाहेर आलं होतं आणि गालाच्या आतल्या मांसात रुतून बसलं होतं. भोवती जखम पांढरी होऊन सुजली होती. तोंड उघडायला गेलं की तार मांस ओढायची. पोर जबडा आवळून बसली होती ती एवढ्यासाठी.

कापसाला बधिर करायचं औषध लावून डॉक्टरीणबाईंनी तो गालात धरला. थोड्या वेळानं बारीक पकडीनं टोक मांसातून सोडवलं आणि खटकन तोडलं. गौरवीनं सावकाश, जीभ आतून फिरवत, तोंड उघडलं. पुरतं उघडलं. मग मिटलं, परत उघडलं.

"तुला मेणाची डबी दिली होती ना मी? टोचलं तर लावायला?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"दप्तरात आहे," गौरवी बोबड्या आवाजात म्हणाली. "मला लावता येईना. मागे हात पोचत नाही."

"मग मावशीला का नाही सांगितलंस?"

गौरवी देवकीकडे न बघता म्हणाली, "तिचे हात थरथरतात. ती किती घाबरते. मी सांगितलं असतं तर ती आणखी घाबरली असती." आणि थोड्या वेळानं, "सकाळी ती सारखी आ कर, आ कर म्हणत होती. माझी मान, पाठ बघत होती. मला वाटलं मी मरणार."

महेश बाहेर जाऊन उभा राहिला.

डॉक्टरीणबाईंनी मग देवकीला खुर्चीजवळ बोलावलं आणि मेण कसं लावायचं ते दाखवलं. आधी दात कापसानं कोरडा करायचा, नाहीतर मेण चिकटत नाही. मेणाची चण्याएवढी गोळी बोटात मळायची, मऊ झाली की टोचणाऱ्या जागेवर दाबायची. जेवणाआधी काढायची. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, फार दुखलं तर दुखण्यावरची अर्धी गोळी, आणि आंबट-तिखट जखम भरेपर्यंत नको. देवकीनं एकेक गोष्ट पुन्हा विचारली. मेण गिळलं तर? रक्त आलं तर? सूज उतरली नाही तर? या आधी तिला असे प्रश्न विचारायची लाज वाटली असती.

"आता तुम्ही लावून दाखवा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

देवकीनं गोळी मळली. गौरवीनं तोंड उघडलं. बोटं दाताजवळ गेली आणि परत थरथरायला लागली. गोळी खाली पडली. दुसऱ्यांदाही पडली. तिसऱ्या वेळी गौरवीनं खुर्चीच्या हातावरचा आपला हात उचलला आणि देवकीचं मनगट धरलं, घट्ट. बोटं स्थिर झाली. मेण बसलं.

येताना महेशनं गाडी सावकाश चालवली. म्हापशाच्या बाजारात थांबून त्यानं भाचीसाठी आइसक्रीमचा कप घेतला. थंडानं बरं वाटेल असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. गौरवीनं तो सगळा संपवला. कितीतरी दिवसांत तिनं पहिल्यांदाच भांडं रिकामं केलं होतं. मयेत पोचल्यावर महेश अंगणापर्यंत आला. आत या म्हणावं की नाही, हे देवकीला कळेना. तिनं म्हटलं. तो पडवीत टेकला, पाणी प्यायला, भिंतीवरच्या शालिनीच्या तसबिरीकडे बघत राहिला आणि निघाला. फाटकाशी थांबून म्हणाला, "वयनी, परत कितें जालें जाल्यार स्टँडार येयात. वा सांगून धाडात."

जत्रा होऊन शांताराम घरी आला तेव्हा पायाला राख होती आणि डोळ्यांत झोप. सगळं ऐकून तो ओट्यावर बसून राहिला. "मला बोलवायचं होतंस," तो म्हणाला. घरी तो तिच्याशी अधूनमधून असं सरळ मराठीत बोलायचा, गंभीर काही असलं की.

"आला असता?"

शांतारामनं गौरवीला जवळ घेतलं आणि तिचा गाल उजेडाकडे वळवून बघितला. सूज उतरायला लागली होती.

जखम भरली. मेणाची एक डबी संपली, दुसरी आणली. रोज संध्याकाळी गौरवी दिव्याखाली बसायची आणि देवकी तिचा दात पुसून मेण लावायची. दोघींना सवय झाली. पण सवय झाली म्हणून भीती गेली असं नाही. महिन्याभरानं तार ओढायला परत जायचं होतं. त्याच्या आदल्या दिवशी देवकीला जेवण गेलं नाही.

या वेळी ती स्वतः गेली. महेश नव्हता. बस वेळेवर मिळाली. डॉक्टरीणबाईंनी तार बदलली, पकडीनं पिळली, आणि गौरवीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"परवापर्यंत दुखेल," त्या म्हणाल्या. "मागच्यासारखंच."

देवकी खुर्चीजवळ सरकली. तिनं विचारलं, "टोक नीट तोडलंय ना? मला दाखवा." डॉक्टरीणबाईंनी आरसा धरला. देवकी वाकली आणि पोरीच्या उघड्या तोंडात बघू लागली, दाढेच्या मागपर्यंत.